दूरनियंत्रित मोटारीचा प्रक्षेपक

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागातील बर्मा बाजार इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारात दूरनियंत्रित मोटार घेताना तिच्या रंगरूपापेक्षा प्रक्षेपकाची कंप्रता पाहणे अधिक अगत्याचे होय.

पुष्कळ स्वस्त खेळण्यांतील प्रक्षेपक २७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदास सुमारे २ कोटी ७० लक्ष कंपनांवर चालतो. त्याच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. असे दोन प्रक्षेपक एकाच मैदानात एकाच वाहिनीवर चालू झाल्यास ग्राहकयंत्राला आपला कोण व परका कोण हे उमजत नाही. मोटार बेफाम होऊन एखाद्या मुलाच्या पायावर आदळू शकते.

२.४ गिगाहर्ट्झच्या प्रक्षेपकाची लहर केवळ १२.५ सेंटिमीटर लांब असल्याने त्यास आखूड तार पुरते. त्याचा संदेश स्वतःची ओळखखूण घेऊन निघतो व पुष्कळदा क्षणोक्षणी वाहिनी बदलतो. जोडी जुळविलेले ग्राहकयंत्र त्याच खुणेचे संदेश स्वीकारते. मात्र भिंतींनी व माणसांच्या शरीरांनी ही लहर अधिक अडते.

म्हणून मोटार वेगवान असेल व भोवती इतरही चालक असतील, तर दुसरा प्रकार घ्यावा. संदेश तुटताच मोटार आपोआप थांबते की नाही, हे चाके जमिनीपासून उचलून, प्रक्षेपक बंद करून, विकत घेण्यापूर्वीच पाहावे.