छिटाचा प्रवास

मुलांनो, जी नक्षी कपड्यांवर दिसते, तीच पुष्कळदा घरातल्या पडद्यांवरही दिसते. असे का होते?

सतराव्या शतकात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील कारागीर सुती कापडावर रंगीत फुले व वेली काढत. या कापडाला छीट म्हणत. उर्दूतला ‘छींट’ शब्द तुम्हांला ठाऊकच आहे. हे कापड जहाजांतून युरोपात गेले. लोकांनी त्याचे पडदे व पलंगपोस केले. मग त्याचेच झगेही शिवले. धुतल्यावरही त्याचा रंग जात नसे.

तिकडच्या विणकरांना आपला धंदा बुडेल अशी भीती वाटली. म्हणून १७२१ साली इंग्लंडने कायदा केला. छापील सुती कापड अंगावर घालू नये आणि घरातही वापरू नये, असे ठरले. तरी लोकांची आवड गेली नाही. पुढे तेथील कारखानेच तशी नक्षी छापू लागले आणि आपल्या कारागिरांचे काम कमी झाले.

तुमच्या घरातील फुलांची चादर आता नीट पाहा.