मनिलाचा ताहो, रबाळ्याचा चहा

पेल्यात आधी सोयाबीनचा गरम, लुसलुशीत टोफू, त्यावर गुळासारख्या तपकिरी साखरेचा पाक आणि सगळ्यात वर शिजवलेला पारदर्शक साबुदाणा. फिलिपिन्समधला ताहो तो हा. जेवणानंतरचे गोड म्हणून त्याला कोणी थांबून राहत नाही, तो सकाळीच खाल्ला जातो. मनिलाच्या वस्त्यांमधून उजाडता उजाडता ताहोवाला फिरतो. खांद्यावर कावड आणि तिच्या दोन टोकांना पत्र्याचे दोन डबे. एका डब्यात टोफू, दुसऱ्यात पाक आणि साबुदाणा. ‘ताहोऽऽ’ अशी लांबवलेली हाळी कानावर आली की लोक घरातला पेला घेऊन दारात येतात. ताहोवाला पसरट डावाने टोफूवर सुटलेले पाणी बाजूला काढतो, मग त्याच डावाने टोफूचे पातळ पापुद्रे उचलून पेल्यात सोडतो. डाव खोल खुपसायचा नाही, ढवळायचे तर मुळीच नाही. टोफू मोडला की पाणी सुटते आणि पाक पांचट होतो.

हा पदार्थ फिलिपिन्सला चिनी स्थलांतरितांनी दिला. मनिलात चिनी लोकांची बिनोंदो ही वस्ती १५९४ साली वसली आणि ती आजही नांदती आहे. सोयाबीनचा मऊ टोफू गोड पाकात खाण्याची रीत चीनपासून तैवान, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत सगळीकडे सापडते. काही ठिकाणी तो आल्याच्या पाकात देतात. फिलिपिनो लोकांनी त्यात साबुदाणा घातला आणि तो दारोदार नेला. बागिओ हे डोंगरावरचे थंड हवेचे गाव. शेजारच्या बेंगेट भागात स्ट्रॉबेरी पिकते, म्हणून तिथला ताहो स्ट्रॉबेरीच्या पाकातला. पाक बदलायचा आणि टोफूला हात लावायचा नाही, ही ताहोची खोड जुनीच आहे. दूध-चहाचा ताहो त्याच वाटेने आला.

चहात साबुदाण्याच्या गोळ्या घालण्याची कल्पना तैवानची, १९८०च्या दशकातली. ताइचुंगचे एक चहागृह आणि ताइनानचे दुसरे, दोघेही ती आपली म्हणून सांगत होते. त्यांचे भांडण वर्षानुवर्षे कोर्टात चालले आणि २०१९ साली मिटले. हे पेय कोणाच्या मालकीचे नाही, कोणीही करावे, असा त्यातून अर्थ निघाला. पुढे गोळ्यांचा दूध-चहा मनिलातही घराघरात पोहोचला. ताहोत साबुदाणा होताच, दूध-चहातही तोच. दोघे एका पेल्यात आले नसते तरच नवल.

आता हा ताहो करायचा तो नवी मुंबईतल्या रबाळ्यात. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे, ऐरोली आणि घणसोलीच्या मधले हे स्थानक. एका अंगाला एमआयडीसीची ठाणे-खाडीपलीकडची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला रबाळे आणि गोठिवली ही जुनी आगरी-कोळी गावे. पाळी सुटली की टपरीवर कटिंगचे पेले खणखणतात. इथल्या माणसाला दूध-चहा शिकवायला तैवानची गरज नाही. फिलिपिनो माणूसही नवी मुंबईला अगदी परका नाही. नेरूळला टी. एस. चाणक्य ही व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांना घडवणारी संस्था आहे, आणि जगाच्या जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्स आणि भारत दोन्ही वरच्या रांगेत आहेत. इथून समुद्रावर गेलेल्या कितीतरी मराठी मुलांनी फिलिपिनो सहकाऱ्यांच्या पंगतीला बसून महिनोन् महिने काढले आहेत.

आणि जिन्नस? रबाळ्याहून वाशीच्या गाडीत बसले की घणसोली, कोपरखैरणे आणि मग तुर्भे. मुंबईचा घाऊक बाजार १९८१पासून टप्प्याटप्प्याने या भागात आला. सोयाबीन, गूळ, साबुदाणा, चहा, आले, वेलची, यांतले एकही परदेशातून मागवावे लागत नाही. तरी ताहो हा पदार्थ म्हणून इथे परका वाटतो, आणि त्याचे कारण सोयाबीन आहे.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही देशातली सोयाबीनची दोन मोठी राज्ये. मराठवाडा आणि विदर्भातल्या लाखो घरांचा खरीप या पिकावर उभा असतो, लातूरच्या बाजारातल्या भावाकडे राज्याचे डोळे लागलेले असतात. पुण्याची आघारकर संशोधन संस्था ‘एमएसीएस’ मालिकेतले वाण देते, तर सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातून ‘फुले संगम’सारखे वाण आले. एवढे सगळे होऊन हे धान्य जाते कुठे? गिरणीत. त्यातले अठरा-वीस टक्के तेल काढून घेतात आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. वाळलेल्या सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, तूर-हरभऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. ज्या शिवारात ते पिकते तिथल्या ताटात मात्र ते फार तर सोया वडी म्हणून येते, किंवा गव्हात मूठभर टाकून दळले जाते. २०२४च्या हंगामात बाजारभाव हमीभावाच्या खाली घसरला, तेव्हा गिरणी सोडून दुसरीकडे बघावे असे गिऱ्हाईक शेतकऱ्यापाशी नव्हते. पिकवणाऱ्या राज्याने आपले सोयाबीन खायला शिकले पाहिजे, आणि ताहो हा त्यातला सोपा, गोड धडा आहे. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या हिशेबाने पाच-सहा पेले ताहोला लागणारे २०० ग्रॅम सोयाबीन जेमतेम ११ रुपयांचे होते.

सोयाबीन किराणा दुकानातले, खाण्यासाठीचे घ्यावे. गावाकडून आलेल्या पिशवीत पेरणीचे उरलेले बियाणे असेल तर त्याला हातही लावू नये, कारण त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. दाणे रात्री भिजवावेत, पण नवी मुंबईच्या उकाड्यात आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, पाण्याला आंबूस वास येऊ लागतो. भिजलेला दाणा दोन बोटांत दाबला की साल सुटून डाळिंबीच्या दोन फाका व्हाव्यात आणि फाक आतून बाहेरून एकसारखी दिसावी. मध्ये खळगा दिसला तर अजून तासभर थांबावे.

बहुतेकांचे सोयाबीनशी बिनसते ते त्याच्या उग्र, हिरवट वासावरून. दाणा अख्खा असतो तोवर हा वास नसतो. दळताना दाण्यातले एक विकर मोकळे होते, ते तेलावर काम करते आणि मग वास तयार होतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९६०च्या दशकात यावर उपाय सापडला तो कढत पाण्यात दळण्याचा. उष्णतेने विकर जागच्या जागी निकामी होते. घरीही तेच करावे. मात्र मिक्सरचे भांडे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे असेल तर उकळते पाणी घालू नये. स्टीलच्या भांड्यात, अर्ध्यापर्यंतच भरून, झाकणावर फडके दाबून फिरवावे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने या वासाला कारण होणारे विकरच नसलेले वाणही तयार केले आहेत. ते किराणा दुकानापर्यंत पोहोचले तर स्वयंपाकघरातले अर्धे काम हलके होईल.

२०० ग्रॅम सोयाबीनला सगळे मिळून सव्वा ते दीड लिटर पाणी लागते. दळलेले मिश्रण मलमलीच्या ओल्या फडक्यातून पिळून घेतले की लिटरभर दूध मिळते. हे दूध कच्चे आहे हे विसरू नये. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिने पचू देत नाहीत, ते उष्णतेनेच जातात. इथे नवशिक्याची हमखास फसगत होते. सोयाबीनचे दूध खरी उकळी येण्याच्या कितीतरी आधी फेसाळून वर येते आणि उतू जाते. ते उकळले असे समजून गॅस बंद केला तर दूध कच्चेच राहते. म्हणून पातेले दुपटीने मोठे घ्यावे, आच मंद करावी, फेस काढत राहावा आणि खरी उकळी आल्यावर दहा मिनिटे ढवळत उकळू द्यावे. तळाला लागू देऊ नये, करपल्याचा वास पुढे कशानेही जात नाही.

आता टोफू लावायचा. लिंबू किंवा व्हिनेगर घातले तर दूध फाटते आणि पनीरसारखा चोथा वेगळा होतो. ताहोला ते चालत नाही, त्याला हवी खरवसाची वीण, सुरीने कापावी आणि पाणी न सोडता उभी राहावी अशी. त्यासाठी दोन वस्तू वापरतात. एक खाद्य दर्जाचे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि दुसरी ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन, थोडक्यात जीडीएल. रबाळ्याच्या वसाहतीत रसायनांची ने-आण रोजची आहे, म्हणून स्पष्ट सांगायला हवे की औद्योगिक दर्जाचे जिप्सम किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस पोटात जाता कामा नये. घरासाठी जीडीएल सोयीचे. पाकिटावर खाद्य दर्जा आणि ५७५ हा क्रमांक पाहून ऑनलाइन मागवावे. ही पांढरी पूड पाण्यात विरघळली की लगेच आंबट होत नाही, हळूहळू होते, आणि गरम दुधात तो वेग वाढतो. आंबटपणा सगळीकडे सारखा आणि सावकाश पसरत गेल्याने दूध फाटत नाही, आहे तसे थिजते.

एक लिटर दुधाला अडीच ते तीन ग्रॅम जीडीएल पुरते, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा. ज्या भांड्यात टोफू लावायचा त्यात दोन चमचे गार पाण्यात पूड विरघळवावी. दुधाची उकळी बसली, वर साय धरू लागली की ती साय उचलून दूध एका धारेने भांड्यात वरून ओतावे. ओतण्याच्या जोरानेच ते मिसळते. नंतर चमचा घालू नये. फेस दिसला तर लगेच काढावा आणि झाकण ठेवून वीस मिनिटे भांडे हलवू नये. झाकणाखाली फडके बांधले तर वाफेचे थेंब पडून वर खड्डे पडत नाहीत. जीडीएलची किंचित आंबट चव उरते, पाकाखाली ती जाणवत नाही.

दूध-चहा कुठे घालायचा हा खरा प्रश्न. काही जण सोयाबीनच्या दुधातच चहापत्ती उकळून बदामी टोफू लावतात. दिसतो छान, पण चहातले तुरट घटक प्रथिनांना चिकटतात आणि चहाची धार बोथट होते. दुधाने चहा मवाळ होतो तो याच कारणाने. टोफू पांढराच ठेवावा आणि चहा पाकात न्यावा, हे जास्त चवदार. पांढऱ्या, जवळजवळ बेचव टोफूवर कडक चहाचा पाक पडला की दोघांचीही ओळख टिकते.

पाकासाठी पाव लिटर पाण्यात चार चमचे सीटीसी चहा आणि बोटभर आले ठेचून तीन मिनिटे उकळावे. पत्तीचा, म्हणजे लांब पानाचा चहा इथे फिका पडतो. गुळाला तोंड द्यायला सीटीसीचाच रंग आणि कडकपणा हवा. चहा गाळून त्यात २०० ग्रॅम गूळ विरघळवावा, खडे-कचरा जाण्यासाठी पुन्हा गाळावे आणि पाक चमच्याच्या पाठीला धरेपर्यंत आटवावा. तार येऊ देऊ नये, गार झाल्यावर तो आणखी दाट होतो. फिलिपिनो पाकात व्हॅनिला किंवा केवड्याच्या कुळातल्या पानदानची पाने असतात. इथे वेलची पुरे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण या पाकाला फार पिवळाधमक गूळ नको. काळपट, रसायन न घातलेला गूळ मनिलाच्या तपकिरी साखरेच्या जास्त जवळ जातो.

चहात एरवी घालतो ते गाई-म्हशीचे दूध मात्र पाकाबरोबर उकळू नये. गुळाचा चहा करणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत आहे, गूळ आणि दूध एकत्र तापले की दूध फाटते. पावशेर दूध वेगळे आटवून निम्मे करावे, गार होऊ द्यावे आणि पेला भरताना सगळ्यात शेवटी वरून सोडावे.

साबुदाण्याबाबत खिचडीची सवय बाजूला ठेवावी लागते. भिजवलेला साबुदाणा उकळत्या पाण्यात घातला तर त्याची खळ होते. मोठ्या दाण्याचा साबुदाणा कोरडाच, आठ-दहा पट खळखळत्या पाण्यात सोडावा. पहिले मिनिटभर ढवळावे, पंधरा-वीस मिनिटे शिजवावे. दाण्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका उरला की गॅस बंद करून झाकावे. ठिपका नाहीसा झाला की चाळणीत गार पाण्याखाली धुऊन थोड्या पाकात घालावे. या दाण्याचा प्रवासही लांबचा आहे. ज्या कंदापासून तो होतो तो मुळात अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांनी तो भारतात आणला, स्पॅनिश जहाजांनी मेक्सिकोहून फिलिपिन्सला नेला. आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमचा आणि सेलमच्या साबुदाण्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

साबुदाणा आहे म्हणून ताहो उपासाला चालेल का, हे कोणीतरी विचारणारच. चालणार नाही, सोयाबीन हे कडधान्य आहे. ज्यांना दूध वर्ज्य आहे त्यांनी वरून नारळाचे दूध घालावे. ताहो टोफू गरम असतानाच, त्याच दिवशी खावा. उरला तर फ्रिजमध्ये झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, साबुदाणा मात्र फ्रिजमध्ये कडक होतो, तो ताजाच शिजवावा.

फडक्यात उरलेला चोथा टाकून देऊ नये. त्यात तंतू आणि बरीच प्रथिने असतात. तो कच्चा असल्याने नीट शिजायला हवा. भाजणीत मूठभर मिसळून, कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ लावावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. चोथ्यातच ओल असते, म्हणून भाजणी भिजवताना पाणी नेहमीपेक्षा निम्मेच घ्यावे.