यंत्र तेच, वेग निराळा!

मुलांनो, रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. अलिबागच्या उत्तरेला, धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी तुम्हाला रेवस बंदर सापडेल. खाडीपलीकडे दिसतंय ते उरणजवळचं करंजा. रेवसच्या धक्क्यावर बोटीत बसलात की थोड्याच वेळात करंजाला उतरता. तेच रस्त्यानं जायचं म्हटलं तर वडखळ, पेण करत अख्ख्या खाडीला वळसा! निघालात तिथूनच, पोचलातही तिथंच. पण लागलेला वेळ? जमीन-अस्मानाचा फरक!

संगणकाचंही अगदी असंच असतं. संगणक तोच, प्रोग्रॅम तोच. पण कधी तो रखडत चालतो, तर कधी भरधाव सुटतो. मग त्याची वाट ठरवतं कोण?

दुभाषा आणि जोडारी

'सी'सारख्या भाषेत आपण लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला कळत नाही. त्याला कळतात फक्त शून्य आणि एकच्या आज्ञा. त्यांत भाषांतर करणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. मोठा प्रोग्रॅम बऱ्याच फायलींत लिहिलेला असतो. कंपायलर एकेका फायलीचं भाषांतर करतो आणि लिंकर हे सगळे तुकडे जोडून एक चालणारा प्रोग्रॅम तयार करतो.

या दोघांना आपण सूचना देऊ शकतो. त्यांना ऑप्शन म्हणतात. 'जीसीसी' हा फुकट मिळणारा कंपायलर घ्या. काहीच सांगितलं नाही, तर तो 'ओ-शून्य' धरून चालतो, म्हणजे शब्दाला शब्द भाषांतर. 'ओ-दोन', 'ओ-तीन' सांगितलं की डोकं चालवून भाषांतर करतो.

समजा, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या १२ माळा घरातून रेवसच्या धक्क्यावर न्यायच्या आहेत. तुम्ही सांगितलंत, "कुलूप उघड, एक माळ घे, कुलूप लाव, धक्क्यावर ठेवून ये, असं १२ वेळा कर." ओ-शून्यवाला मुकाट्यानं १२ खेपा घालील. डोकं चालवणारा म्हणेल, "कुलूप दर खेपेला कशाला? सुरुवातीला एकदा उघडू, शेवटी एकदा लावू. आणि चार माळा एकदम उचलता येत असतील तर तीनच खेपा पुरतात की!"

पण या प्रोसेसरला चार हात आहेत की दोनच, हे कंपायलरला कसं कळणार? त्यासाठी 'मार्च-नेटिव्ह' हा ऑप्शन आहे. 'ज्या यंत्रावर तू काम करतो आहेस, त्याच्या साऱ्या ताकदीचा उपयोग कर,' असा त्याचा अर्थ. मात्र असा प्रोग्रॅम एखाद्या जुन्या संगणकावर नेलात, तर तो तिथं चालणारच नाही असंही होऊ शकतं, बरं का!

लिंकरच्या वेळची युक्ती म्हणजे 'एलटीओ'. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो. शेजारच्या फायलीत काय आहे ते त्याला दिसत नाही. एलटीओमुळे जोडणीच्या वेळी सगळा प्रोग्रॅम एकत्र नजरेखालून जातो आणि फायलीफायलींमधली फुकटची ये-जा वाचते. जीसीसीमध्ये ही सोय २०१० साली आली.

न धावताच पहिला नंबर!

कुठला संगणक वेगवान हे ठरवायला सगळ्यांना एकच प्रोग्रॅम चालवायला देतात आणि वेळ मोजतात. अशा परीक्षेच्या प्रोग्रॅमला 'बेंचमार्क' म्हणतात. १९७० च्या दशकात 'व्हेटस्टोन' नावाचा बेंचमार्क गाजला. त्यातला 'व्हेट' कानाला 'ओला' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा लागतो. म्हणून १९८४ साली राइनहोल्ड वायकर यांनी आपल्या नव्या बेंचमार्कचं नाव ठेवलं 'ध्रायस्टोन', म्हणजे कोरडा!

पण झालं काय, की कंपायलर हुशार होत गेले. तुम्ही कुणाला सांगितलंत, "करंजाला जा आणि परत ये, मी वेळ मोजतो." त्यानं विचार केला, 'तिकडून काही आणायचं नाही, शेवटी इथंच यायचं, मग जायचं तरी कशाला?' आणि जागेवरून न हलता ओरडला, "आलो!" लबाडी? एरवी नाही. निरुपयोगी काम टाळणं हेच तर कंपायलरचं काम. पण परीक्षा धावण्याची असेल, तर असला निकाल काय कामाचा? त्याच्या भरवशावर लाखो रुपयांचा संगणक घेणारा पुरता फसेल.

ध्रायस्टोनमधल्या काही कामांची उत्तरं पुढं कुठंच वापरली जात नव्हती. कंपायलर ती कामंच गाळू लागले! म्हणून १९८८ च्या सुमारास ध्रायस्टोनची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात शेवटी उत्तरं छापायला लावली, म्हणजे करंजाहून काहीतरी घेऊनच या! शिवाय प्रोग्रॅम दोन फायलींत विभागला आणि त्या वेगवेगळ्या कंपाइल करा, असा नियम केला. आता लक्षात आलं ना, एलटीओ लावला की हा नियम का मोडतो? दोन फायलींमधली भिंतच तो पाडून टाकतो.

पुण्याचा 'एका'

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या 'कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज' या टाटा समूहातल्या कंपनीचा 'एका' हा महासंगणक जगात चौथा आला! त्याची परीक्षा होती समीकरणं सोडवण्याची. दहावीत तुम्ही दोन चलांची एकसामयिक समीकरणं सोडवता ना, तशीच. फक्त चलं लाखो! नुसता वेग दाखवून भागत नाही. उत्तर बरोबर आहे का, हेही तपासलं जातं.

आता थोडं गणित करू. 'एका'मध्ये प्रोसेसरचे १४,२४० कोअर होते. एकेक कोअर सेकंदाला ३ अब्ज ठोके देणारा आणि दर ठोक्याला ४ गणितं करू शकणारा. करा गुणाकार : १,७०,८८० अब्ज. ही झाली कागदावरची ताकद. परीक्षेत मिळाली ती १,१७,९०० अब्ज, म्हणजे शंभरातली साधारण ६९.

जून २००८ च्या यादीत कोअर झाले १४,३८४. जेमतेम एक टक्का जास्त. वेग मात्र १,३२,८०० अब्ज, म्हणजे सुमारे साडेबारा टक्के जास्त! नुसत्या १४४ कोअरनी एवढी वाढ होणं शक्यच नाही. उरलेली मिळते ती आहे त्याच यंत्राकडून काम नीट करून घेण्यातून. (नंबर मात्र आठवा आला, दुसरेही काही गप्प बसले नव्हते!)

तुम्हीही करून बघा. १ ते १०० कोटी आकड्यांची बेरीज करणारा छोटा 'सी' प्रोग्रॅम लिहा. शाळेच्या किंवा घरच्या संगणकावर तो एकदा ओ-शून्यनं आणि एकदा ओ-दोननं कंपाइल करा आणि वेळ मोजा. मग उत्तर छापण्याची ओळ काढून टाका आणि पुन्हा मोजा. वहीत प्रत्येक वेळेपुढं कुठला ऑप्शन वापरला तेही लिहा. नाहीतर कोण करंजाला जाऊन आलं आणि कोण रेवसच्या धक्क्यावरच बसून राहिलं, ते कळायचं कसं?