सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या

२२ ऑक्टोबर १८४४ रोजी अमेरिकेत विल्यम मिलरचे हजारो अनुयायी ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे डोळे लावून बसले होते. दिवस सरला, काहीच घडलं नाही. मिलरचा हिशेब दानीएलाच्या ग्रंथावर उभा होता. पण शेवटाच्या तारखा शोधणारे बहुतेक जण आजही बायबलमधलं अखेरचं पुस्तक, ‘प्रकटीकरण’, उघडतात. या पुस्तकाचं वेळापत्रक करणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पात्मोस बेटावर योहानाला झालेली ही दर्शनं. परंपरेनुसार रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, इ.स. ९५च्या सुमारास, ती आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांसाठी लिहिली गेली. सात शिक्क्यांनी बंद केलेल्या गुंडाळीचा सहावा शिक्का फुटतो तेव्हा सूर्य काळा पडतो, तारे गळतात, आकाश गुंडाळलं जातं. जग इथेच संपायला हवं, पण संपत नाही. सातव्या शिक्क्यानंतर अर्धा तास शांतता, मग सात कर्णे. आणि चौथा कर्णा वाजतो तेव्हा तारे पुन्हा आकाशात असतात. पुढे देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या. कर्णे आणि वाट्या ही घटनांची सरळ रांग नाही, तेच पुन्हा सांगितलं आहे, हे भाष्यकार व्हिक्टोरिनसने तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातच ओळखलं होतं. बडा ख्याल जसा आवर्तनागणिक समेवर येतो, तसं हे पुस्तक पुन्हा पुन्हा अंतापाशी येतं.

चिन्हांचं मूळ मात्र जमिनीवरचं आहे. तिसरा शिक्का फुटल्यावर येणाऱ्या काळ्या घोड्यावरच्या स्वाराच्या हातात तराजू आहे. एका दिनाराला माणशी एक दिवस पुरेल एवढाच गहू, किंवा त्याच्या तिप्पट जव, असा भाव पुकारला जातो. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. तो गहू घेईल तर बायकापोरं उपाशी, म्हणून जवावर भागवायचं. तेल आणि द्राक्षारसाला मात्र हात लावायचा नाही, अशी ताकीद! महागाईची झळ कुणाला बसते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितलं असेल.

श्वापदाच्या ६६६ या आकड्याचंही तेच. ‘नेरॉन कैसर’, म्हणजे सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांची मूल्यं मिळवली की ६६६ भरतात. शेवटचा ‘न’ गाळला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका हाच आकडा आहे. श्वापदाला चेहरा होता, तो रोमचा.

आणि त्या श्वापदासमोर कोण? पाचव्या अध्यायात योहानाला सांगितलं जातं की यहूदाच्या वंशाचा सिंह जिंकला आहे. तो पाहतो, तर वध झाल्यासारखं दिसणारं कोकरू, म्हणजे ख्रिस्त, उभं. पुढचा प्रत्येक विजय या कोकराच्या बाजूने मोजायचा. हे सुटलं की उरतो तो नुसता रक्तपात.

अठराव्या अध्यायात बाबेल, म्हणजे रोम, कोसळतं आणि व्यापारी रडतात. त्यांच्या २८ जिनसांच्या यादीत मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी आहे. याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून निघणाऱ्या रेशमाची आणि हस्तिदंताची नोंद आहे, सोपारा-कल्याणची नावंही आहेत. म्हणजे ही बाजारपेठ आपल्या किनाऱ्यालाही ओळखीची होती. यादी सोन्याने सुरू होते, गुराढोरांवर, घोड्यांवर, रथांवर येते आणि सर्वांत शेवटी गुलामांवर थांबते. तिथे योहान मुद्दाम जोडतो, की हे माणसांचे जीव आहेत.