जुन्या जागी नवा भाग

हर्ण्याच्या पुळणीवर मासळीचा लिलाव पुकारला जातो, तो पाहावयास दूरदूरची माणसे येतात. सुवर्णदुर्ग पाहून झाला की त्यांचे लक्ष पापलेट-सुरमईकडे वळते. बर्फाकडे मात्र कोणी पाहत नाही. वास्तविक बर्फ वेळेवर मिळाला नाही तर तांडेलाची सारी मेहनत काही तासांत मातीमोल व्हावयाची. हा बर्फ करणारी यंत्रे आता केवळ माणसाच्या नजरेवर चालत नाहीत. अमोनियाचा दाब, मिठाच्या पाण्याचे तपमान, मोटारीवरील भार यांवर पहारा ठेवण्याचे काम पुष्कळ ठिकाणी एका लोखंडी पेटीतला नियंत्रक करतो. त्यास कारागीर ‘पीएलसी’ म्हणतात.

१९६८ साली अमेरिकेत रिचर्ड मॉर्ले व त्यांचे सहकारी यांनी मोटार-कारखान्यांतील रिलेंच्या जंजाळास पर्याय म्हणून हे यंत्र योजिले. एका पट्टीवर शेजारी शेजारी बसविलेले हे छोटे डबे, म्हणजे मॉड्यूल, असतात. कोणी बाहेरची वार्ता आत आणतो, कोणी हुकूम बाहेर नेतो. एक बिघडला की तो काढून दुसरा बसवावा, इतके हे सोपे आहे, असे विक्रेता सांगतो.

अडचण येथेच आहे. डब्यावरील क्रमांक तोच असतो, पण शेवटचे अक्षर निराळे असते. ते अक्षर सांगते की आतील मांडणी बदलली आहे. याखेरीज आत कायमची लिहून ठेवलेली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, असते. तिचीही आवृत्ती असते. देह आणि स्वभाव अशी ही दोन वेगळी अंगे आहेत. सामान्यतः नवा डबा जुन्याचे काम सांभाळतो, जुना मात्र नव्याचे सांभाळीलच असे नाही. म्हणून काही नियंत्रकांत ओळख पटविण्याची सोय असते: तंतोतंत तोच डबा हवा, जुळणारा चालेल, की कोणताही चालेल, हे आधी ठरवून ठेवता येते. घाईत कारागीर तिसरा पर्याय निवडतो. दिवा हिरवा लागतो आणि सर्वांस हायसे वाटते. माझ्या मते हा हिरवा दिवा लाल दिव्याहून अधिक घातक होय.

उदाहरण घेऊ. दाबमापक शून्य ते १६ बारपर्यंत मोजतो आणि ते ४ ते २० मिलिअँपिअर विजेच्या रूपाने कळवितो. १२ मिलिअँपिअर आले म्हणजे ८ बार. पण नवा डबा ०-२० मोजण्यावर ठेवलेला असला, तर तो त्याच विजेचे ९.६ बार सांगेल आणि यंत्र उगाच थांबेल. उलट चूक अधिक वाईट: मापक ०-२० चा आणि डबा ४-२० चा असेल, तर खरे ९.६ बार असताना ८ च दिसतील. शिवाय ४-२० मध्ये तार तुटली की प्रवाह शून्यावर येतो व दोष उघड होतो. ०-२० मध्ये तुटलेली तार म्हणजे ‘दाब नाही’ असाच अर्थ निघतो.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. एरियन-४ मधील दिशादर्शक आज्ञावली त्यात तशीच ठेविली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक; तो आकडा जुन्या आज्ञावलीने राखलेल्या जागेत मावला नाही.

सीमेन्सच्या एस-७-३०० या फार पसरलेल्या जातीचे नियमित उत्पादन १ ऑक्टोबर २०२३ पासून बंद होऊ लागले. सुटे भाग २०३३ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे जुन्यास नवे जोडण्याचा प्रसंग पुढे वाढणारच. यंत्र चालू आहे तोवर प्रत्येक डब्याचा पूर्ण क्रमांक, अक्षर व आवृत्ती वहीत लिहावी, कार्यक्रमाची प्रत काढून दुसऱ्या जागी ठेवावी. डबा बदलल्यावर मोटार जोडण्यापूर्वी हातातील लहान उपकरणाने ४, १२ आणि २० मिलिअँपिअर देऊन पडद्यावर अनुक्रमे ०, ८ आणि १६ बार येतात की नाही ते पाहावे. यास पाव तास लागतो.