व्हाइट थांबतो कुठे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या अनुपमा रामचंद्रननं दोह्यात हाँगकाँगच्या एन्ग ऑन यीला ३-२ असं हरवून स्नूकरचं महिलांचं जागतिक विजेतेपद जिंकलं. त्याच वर्षी स्नूकरला दीडशे वर्षं पूर्ण झाली. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावरच्या तेव्हाच्या दोन-तीन खेळांची सांगड घालून हा खेळ बसवला आणि १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम ठरले. हे टेबल आपल्या देशात आलं ते छावण्या आणि जिमखान्यांच्या वाटेनं, आणि बरीच वर्षं तिथल्याच चार भिंतींत राहिलं.

आता ते बाहेर पडलं आहे. स्नूकरच्या १२ बाय ६ फुटांच्या टेबलाला मोठा हॉल लागतो, पण पूलचं नऊ बाय साडेचार फुटांचं किंवा त्याहून लहान टेबल दुकानाच्या गाळ्यातही मावतं. जवळा बाजारसारख्या गावातला मुलगा शिकायला मोठ्या शहरात जातो, मित्रांबरोबर पहिल्यांदा क्यू हातात घेतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात बहुतेक वेळा पूलच येतो. आणि पूल म्हणजे एट-बॉल, एवढंच त्याला सांगितलं जातं. तिथंच त्याचं नुकसान होतं, कारण पूलच्या टेबलावर अनेक खेळ खेळता येतात आणि प्रत्येकाचा धडा वेगळा आहे.

गावाकडचा मुलगा तसा कोरा येत नाही. कॅरम त्यानं घरी, कट्ट्यावर, गणपतीच्या स्पर्धांत खेळलेला असतो. सोंगटीला कुठं लागलं की ती कोणत्या कोनात जाईल, हे त्याच्या नजरेला कळतं. रिबाउंड कळतो, राणी घेतली की कव्हर लागतं हेही माहीत असतं. अडतं ते एकाच ठिकाणी. कॅरममध्ये सोंगटी घेतली की स्ट्रायकर उचलून पुन्हा आपल्या रेषेवर ठेवायचा असतो. पूलमध्ये पांढरा बॉल, म्हणजे व्हाइट, जिथं थांबेल तिथूनच पुढचा शॉट घ्यावा लागतो. त्यामुळे कॅरमचा पटाईत खेळाडू पहिले दोन बॉल झोकात पाडतो आणि तिसऱ्याला अडकतो. व्हाइट कुठं थांबवायचा, हाच या टेबलावरचा खरा अभ्यास. पूलचा प्रत्येक प्रकार त्यातली एकेक बाजू शिकवतो.

एट-बॉलची बाजू नियोजनाची. सात बॉल आपले, सात समोरच्याचे, शेवटी काळा आठ. नवखा खेळाडू सोपे बॉल आधी पाडतो आणि कुशनला, म्हणजे टेबलाच्या काठाला, चिकटलेला अवघड बॉल मागे ठेवतो. मग तो चुकतो, आणि तोवर आपलेच सहा बॉल कमी झाल्यानं समोरच्याची वाट मोकळी झालेली असते. चांगला खेळाडू उलट क्रमानं विचार करतो: आठ कोणत्या पॉकेटात, त्यासाठी शेवटचा बॉल कोणता, अडचणीचा बॉल कधी सोडवायचा. हा धडा मोलाचा आहे. पण इथं सात बॉलांतून निवड करता येते, त्यामुळे व्हाइट थोडा भरकटला तरी काही ना काही सापडतं आणि चूक झाकली जाते.

नाइन-बॉल ती चूक उघडी पाडतो. टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या बॉललाच आधी लागलं पाहिजे, त्यामुळे निवडच उरत नाही. एक पाडताना दोनची जागा आणि दोनला जाताना तीनचा कोन डोक्यात ठेवावा लागतो. फाउल झाला तर समोरचा व्हाइट हवा तिथं ठेवून खेळतो, म्हणून समोरच्यापासून बॉल लपवून ठेवण्याची कलाही इथंच शिकावी लागते. एक उणीव मात्र खटकते. डाव जिंकून देणारा नऊ चुकून पडला तरी चालतो. टेन-बॉलमध्ये बॉल आणि पॉकेट आधी सांगावं लागतं, त्यामुळे दैवाचा हिस्सा बराच कमी होतो. गांभीर्यानं खेळणाऱ्यानं तिकडे वळावं.

क्रमानं खेळायच्या या खेळांच्या घराण्याचा सर्वांत विलक्षण माणूस फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस. लहानपणी तो मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला, तिथं टेबलांवरच झोपला. तिकडे लोकप्रिय होता तो रोटेशन हा खेळ: पंधरा बॉल, लहान आकड्यापासून क्रमानं, प्रत्येक बॉलला त्याच्या आकड्याइतके गुण, एकूण १२०, आणि ६१ झाले की जिंकला. पंधरा बॉलांच्या गर्दीत ठरलेल्या एकाच बॉलला लागायचं म्हणजे सरळ रस्ता क्वचितच मिळतो. एका, दोन, कधी तीन कुशनवरून व्हाइट आणावा लागतो. रेयेसची प्रसिद्ध जादू या शाळेत घडली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रेनोला प्रतिस्पर्धी अर्ल स्ट्रिकलंडनं त्याला पुरता कोंडला होता. रेयेसनं दोन कुशन घेऊन बॉल नुसता गाठला नाही, तर पाडलाही. १९९९ मध्ये तो नाइन-बॉलचा आणि २००४ मध्ये एट-बॉलचा विश्वविजेता झाला. दोन्ही किताब मिळवणारा तो पहिलाच. कुशनचा हिशेब मुरलेल्या आपल्या कॅरमपटूंना रोटेशन लगेच जवळचा वाटेल, तरीही आपल्याकडे तो क्वचितच खेळला जातो.

वन-पॉकेट अगदी वेगळ्या वृत्तीचा. सहा पॉकेटांपैकी एक कोपरा तुमचा, एक समोरच्याचा, आपल्या कोपऱ्यात आठ बॉल आधी घालायचे. इथं पाडण्यापेक्षा पाडू न देणं महत्त्वाचं. उतावळ्या माणसाला तो संयम शिकवतो.

पण शिकणाऱ्यासाठी एकच खेळ निवडायचा झाला, तर तो स्ट्रेट पूल. कोणताही बॉल, सांगितलेल्या पॉकेटात, प्रत्येकी एक गुण. चौदा बॉल पडले की ते पुन्हा रचायचे. उरलेला पंधरावा पाडता पाडता व्हाइटनं ती नवी रास फोडायची आणि पुढे चालू राहायचं. चुकेपर्यंत पाळी चालूच राहते. विली मॉस्कोनीनं १९५४ मध्ये सलग ५२६ बॉल पाडले, आणि हा आकडा ओलांडायला २०१९ उजाडावं लागलं, जॉन श्मिटच्या ६२६ नं. एकट्यानं सराव करताना दोष द्यायला समोरचा खेळाडू नसतो. सलग बारा पडतात की बावीस, यावरून आपली प्रगती आपल्यालाच दिसते.

महाराष्ट्रात बॉल कुठं थांबतो या विचाराची परंपरा जुनी आहे, फक्त ती बिलियर्ड्सची आहे. तीनच बॉल, आणि पडलेला लाल पुन्हा टेबलावर येतो, म्हणजे सगळा खेळ बॉल कुठं थांबतात यावरच चालतो. पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेता झाला. वैयक्तिक खेळातलं भारताचं ते पहिलं विश्वविजेतेपद. १९६४ मध्ये त्यानं ते पुन्हा मिळवलं. मुंबईच्या मायकल फरेरानं १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत एकाच पाळीत ११४९ गुणांचा ब्रेक केला. हजारापलीकडे गेलेला तो पहिला हौशी खेळाडू. पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी २००३ मध्ये स्नूकरचा आणि २००५ मध्ये बिलियर्ड्सचा विश्वविजेता झाला. दोन्ही खेळ एकाच हातात येऊ शकतात, कारण दोन्हींचा पाया तोच आहे.

मग पूलच्या पार्लरमध्ये एट-बॉलच का चालतो? टेबलाचे पैसे तासावर, चार मित्र, डाव पटकन संपायला हवा, आणि हरलेल्यानं बिल भरायचं. पैज लागली की शिकणं थांबतं, आणि घरच्यांच्या मनात पार्लर म्हणजे उनाडांचा अड्डा हे पक्कं होतं. कॅरमला तालुक्यातल्या घराघरांत जी प्रतिष्ठा मिळाली, ती या टेबलालाही मिळायला हवी. सुरुवात पार्लरवाल्यांनीच करावी. दुपारी टेबलं रिकामी असतात. त्या वेळेत कमी दरानं फक्त स्ट्रेट पूल खेळू द्यावा, पैज बंद ठेवावी, आणि महिन्यात कोणी सलग किती बॉल पाडले याचा फळा भिंतीवर, येणाऱ्या आई-वडिलांना दिसेल असा लावावा.