एकाच विज्ञानाची दोन दालने

भारतातील बहुतेक माध्यमिक शाळांत पृथ्वी व अवकाश यांचा एकत्र अभ्यास करणारा स्वतंत्र विषय नाही. खडक, नद्या व भूकंप यांचा विचार भूगोलात होतो आणि भूगोलाची गणना सामाजिक शास्त्रांत केली जाते; गुरुत्वाकर्षण व प्रकाश हे विज्ञानाच्या वाट्याला जातात. दहावीनंतर विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचा भूगोलाशी असलेला संबंध बहुधा संपतो. परिणामी, 'पृथ्वी हा एक ग्रह आहे' हे वाक्य त्याला पाठ असते, परंतु त्याचा अर्थ उमगलेला नसतो. तो उमगण्यास महागडी उपकरणे लागतातच असे नाही. बंगळूर शहरातील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण लालबाग उद्यानातील खडकाचे. केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा लहानसा बुरूज ज्या उघड्या खडकावर उभा आहे, तो पट्टिताश्म असून त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे आहे. अशा खडकांत झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म कण असतात. त्यांत अडकलेल्या युरेनियमचे ठराविक गतीने शिशात रूपांतर होत असते. युरेनियम-२३८ चा निम्मा अंश असा पालटण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. या दोन धातूंचे प्रमाण मोजले की खडकाचे वय काढता येते. तथापि, पृथ्वीचे वय याहूनही अधिक आहे. तिचे अगदी आरंभीचे खडक वितळून व झिजून नाहीसे झाले. म्हणूनच क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींतील शिशाचा आधार घेऊन पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. पायाखालच्या भूमीचे वय आकाशातून पडलेल्या दगडांनी सांगितले!

दुसरे उदाहरण सावलीचे. बंगळूर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या २४ तारखेच्या व ऑगस्टच्या १८ तारखेच्या सुमारास तेथे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. त्याच दिवशी साडेअठरा अंशांवरील पुण्यात एक मीटर उंचीच्या काठीची सावली मध्यान्ही साधारणतः साडेनऊ सेंटिमीटर पडते. पुणे पश्चिमेकडे असल्याने तेथील मध्यान्ह बंगळूरनंतर सुमारे १५ मिनिटांनी होते, एवढे मात्र ध्यानी ठेवावे. या सावलीवरून साडेपाच अंशांचा कोन मिळतो. दोन्ही शहरांतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ६१० किलोमीटर आहे. साडेपाच अंशांना ६१०, तर ३६० अंशांना किती, असे त्रैराशिक मांडले असता पृथ्वीचा परिघ जवळजवळ ४० हजार किलोमीटर येतो. एराटोस्थेनिस याने सुमारे २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हीच युक्ती योजिली होती.

शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय भूविज्ञान ऑलिंपियाडमध्ये भूशास्त्र, वातावरण, सागर व खगोल यांची परीक्षा एकत्रच घेतली जाते. २०१३ साली ही स्पर्धा म्हैसूर येथे भरली होती. तेथवर पोहोचणारे विद्यार्थी मोजकेच असतात. काठी रोवण्यासाठी मात्र निवड व्हावी लागत नाही. शाळेचे पटांगण आणि दुसऱ्या गावातील एखादी सहकारी शाळा एवढे पुरेसे आहे.